चौरस फुटाला किती किलो?

मुंबई-पुण्यात पुनर्विकासाचे काम निघाले की आरसीसी कन्सल्टंटची (इमारतीच्या सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचे डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरची) निवड बहुधा एका आकड्यावर येऊन थांबते. चौरस फुटाला लोखंड किती किलो बसेल? एक साडेपाच सांगतो, दुसरा पाच, तिसरा साडेचार सांगून काम घेऊन जातो, आणि या घसरणीला ‘ऑप्टिमायझेशन’ असे नाव मिळते. त्यावरून जो वाद चालतो त्याचे दोन पक्ष ठरलेले आहेत. एकाचे म्हणणे असे, की जुने कन्सल्टंट भीतीपोटी वाटेल तेवढे लोखंड घालतात. संगणकावर नेमका हिशेब होत असताना ही उधळपट्टी कशाला? दुसऱ्याचे म्हणणे असे, की लोखंड कमी झाले म्हणजे इमारत कच्ची झाली; बिल्डरचे पैसे वाचतात आणि जोखीम रहिवाशांच्या वाट्याला येते. हे दोघे एकमेकांचे विरोधक वाटतात, पण दोघांच्या हातातला तराजू एकच आहे. भूकंप आणि वारा यांच्या आडव्या बळापुढे इमारत कशी वागेल, हे लोखंडाच्या वजनावरून कळत नाही. ऑप्टिमायझेशन जरूर करावे. पण त्याची वेळ भिंती आणि कॉलम कुठे उभे राहणार हे ठरवतानाची आहे. नकाशा पक्का झाल्यावर सळया छाटून जी काटकसर होते, ती बहुतेकदा त्याच राखीव ताकदीतून काढलेली असते, जिच्या भरवशावर भूकंपाचा सगळा हिशेब मांडलेला आहे.

पहिल्या पक्षाच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते थोडेथोडके नाही. वीस मजल्यांना तळापासून गच्चीपर्यंत एकाच मापाचा कॉलम, कारण ड्रॉइंग कमी काढावी लागतात. गटातल्या सर्वांत जड बीमचे लोखंड बाकीच्या दहा बीमनाही. लिफ्टच्या भिंतीत अठराव्या मजल्यावरही पहिल्या मजल्याचीच जाळी. याचा सुरक्षिततेशी संबंध नाही, हा कामचुकारपणा आहे. जगाच्या कार्बन उत्सर्जनातले सात-आठ टक्के सिमेंट उद्योगातून येतात, तेव्हा विनाकारण ओतलेल्या काँक्रीटला ‘मजबुती’ म्हणून पाठीशी घालता येत नाही. शिवाय भूकंपाचे बळ इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढते. विटांऐवजी हलके एएसी ब्लॉक वापरले, स्लॅबची फालतू जाडी कमी केली, तर भूकंपाचे बळच घटते. ही काटकसर सुरक्षितता वाढवणारी आहे.

ऑप्टिमायझेशनचा सर्वांत भक्कम दाखलाही त्यांच्याच बाजूचा आहे. शिकागोतली जॉन हॅनकॉक ही १०० मजली इमारत १९६९ साली पूर्ण झाली. तिची रचना ढाक्यात जन्मलेल्या फझलूर खान यांची. तिच्या पोलादी सांगाड्याला चौरस फुटाला सुमारे साडेतेरा किलो पोलाद लागले. १९३१ च्या एम्पायर स्टेट इमारतीला सुमारे एकोणीस किलो लागले होते. हे आकडे पोलादी सांगाड्याचे आहेत, आपल्या आरसीसीच्या सळयांशी त्यांची थेट तुलना नको. पण ही बचत आली कुठून, हे पाहा. खान यांनी आतल्या कॉलमांतून पाव-पाव इंच तासला नाही. त्यांनी वाऱ्याचा भार इमारतीच्या बाहेरच्या चारही बाजूंवर नेला, तिथे अनेक मजले उंचीच्या तिरप्या पट्ट्यांनी कॉलम एकमेकांना जोडले आणि अख्खी इमारत एका पोकळ नळीसारखी वागू लागली. त्या फुल्या दर्शनी भागावर दिसतात, काही खिडक्यांच्या आडही येतात, आणि वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहम यांनी ते मान्य केले. मांडणी आधी बदलली, म्हणून वजन कमी झाले. आपल्याकडे मांडणीला हात न लावता वजन कमी करायचे असते. मग खान यांचा दाखला आपण कोणत्या तोंडाने देतो?

मांडणीत किती दडलेले असते, हे साध्या गणितातून दिसते. २०० मिमी जाडीच्या, प्रत्येकी दोन मीटर लांबीच्या दोन सुट्या शिअर वॉल (आडवे बळ पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) घ्या. तेवढ्याच काँक्रीटची चार मीटरची एक सलग भिंत घ्या. वाकण्याला होणारा विरोध लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून दोन सुट्यांचा मिळून हिशेब १६ येतो आणि एका लांबीचा ६४. काँक्रीट तेवढेच, ताठरपणा चौपट. भिंत उलथवू पाहणाऱ्या बळाला टोकाच्या सळया विरोध करतात, आणि त्यांच्यातले अंतर दुप्पट झाले की तेवढ्याच सळया जवळपास दुप्पट काम करतात. पाया कलला, स्लॅबने साथ सोडली तर प्रत्यक्षातला फायदा याहून कमी भरतो, पण फरकाची जात तीच राहते. साडेचार किलोवाल्या कन्सल्टंटने भिंतीतल्या सळया कितीही बारीक केल्या तरी हा चौपटीचा लाभ त्याला मिळणार नाही, कारण तो लाभ त्याच्या हाती काम येण्याआधीच बेडरूमच्या दारासाठी भिंत मधोमध कापून घालवलेला असतो. दारावरच्या खोल बीमने दोन तुकडे जोडता येतात, आणि शास्त्र म्हणून ही युक्ती उत्तम आहे. पण भूकंपात सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त मार त्या आखूड बीमलाच बसतो. त्यात तिरप्या सळयांचे दोन जुडगे एकमेकांना छेदून जावे लागतात, आणि १६० मिमीच्या भिंतीत ते कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) राखून बसतच नाहीत. कागदावर जोडलेली भिंत साइटवर सुटीच राहते.

जागेचा दुसरा प्रश्न पिळवटण्याचा. लिफ्ट आणि जिना मागच्या कोपऱ्यात, बाकी सगळीकडे बारीक कॉलम, अशी मांडणी अरुंद प्लॉटवर सर्रास दिसते. वजनाचा मध्य इमारतीच्या मधे, ताठरपणाचा मध्य कोपऱ्यात. जमीन हलली की इमारत त्या कोपऱ्याभोवती गरगरते आणि समोरच्या टोकाच्या कॉलमना सगळ्यात जास्त हेलकावा सोसावा लागतो. आयएस १८९३ या भूकंपासाठीच्या भारतीय संहितेनुसार एका टोकाची हालचाल दुसऱ्या टोकाच्या दीडपटीहून जास्त भरली की ती इमारत पिळाच्या बाबतीत अनियमित ठरते. इथे समोरच्या टोकाला एक बरी भिंत उभी केली की प्रश्न मिटतो. ती न करता समोरच्या सगळ्या कॉलमांत लोखंड वाढवले तर किलो वाढतात आणि दुखणे तसेच राहते.

आता त्या राखीव ताकदीकडे येऊ. १५ मजली, ४५ मीटर उंच निवासी इमारत धरा. भूकंपाच्या दिशेने रुंदी २० मीटर, मजल्याचे क्षेत्रफळ ४०० चौरस मीटर, एकूण वजन सुमारे ७,२०० टन, मध्यम जमीन, झोन तीन (भूकंपाच्या नकाशातला मध्यम धोक्याचा विभाग). आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे मधे भिंती भरलेल्या इमारतीचा आंदोलनकाळ (एकदा झुलून परत यायला लागणारा वेळ) ०.९ सेकंदांच्या आसपास येतो. सर्वांत मोठ्या गृहीत भूकंपात ही इमारत काहीही न तुटता-वाकता टिकवायची तर वजनाच्या सुमारे २४ टक्के, म्हणजे १,७३० टन आडवे बळ पेलावे लागेल. संहिता त्याचे अर्धे बळ धरते, ते पाचाने भागते आणि अशा मोठ्या निवासी इमारतीसाठी १.२ ने गुणते; म्हणून आपण डिझाइन करतो सुमारे २०७ टनांसाठी. दीडपटीचा गुणक लावला तर ३१० टन. उरलेली दरी कोण भरून काढणार? काही भाग डक्टिलिटी, म्हणजे न तुटता वाकत राहण्याची क्षमता. आणि काही भाग हिशेबात न मोजलेली जादाची ताकद: थोडा मोठा कॉलम, गरजेपेक्षा एखादी जास्त सळई, एक बीम थकला तर भार उचलायला दुसरा. ज्या पाचाच्या गुणकाने आपण बळ भागतो, त्यात ही सारी मदत गृहीत आहे.

आता निर्दय ऑप्टिमायझेशन नेमके काय करते? प्रत्येक बीम, प्रत्येक कॉलम ९८-९९ टक्के वापरात आणते. सॉफ्टवेअरला किमान वजन हे एकच उद्दिष्ट दिले, तर ते प्रत्येक अवयव मर्यादेच्या काठावर नेऊन ठेवणारच. त्याचा त्यात दोष नाही. म्हणजे पाचाने भागायची सूटही घ्यायची आणि ज्या जादा ताकदीमुळे ती सूट मिळाली तीही काढून टाकायची. एकाच ठेवीवर दोनदा कर्ज काढण्यासारखे हे आहे. स्लॅबचे, पाण्याच्या टाकीचे, नेहमीच्या उभ्या भाराचे ऑप्टिमायझेशन आणि भूकंपाचे ऑप्टिमायझेशन यांत हा मूलभूत फरक आहे आणि चर्चेत तो कुणी काढतच नाही. उभा भार किती येणार हे आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक असते, आणि आपण तो पूर्ण पेलायचे ठरवतो. भूकंपात मात्र तो पूर्ण पेलायचा नाही हे आपण आधीच ठरवलेले असते.

आंदोलनकाळाचीही एक पळवाट आहे. त्याच इमारतीला भिंती न भरलेल्या मोकळ्या सांगाड्याचे सूत्र लावले तर आंदोलनकाळ १.३ सेकंद येतो, आणि काळ लांबला की संहिता बळ कमी धरते म्हणून २०७ टनांचे बळ सुमारे १४४ टनांवर घसरते. तीस टक्के बचत, एकही सळई न वाकवता. इमारतीत प्रत्यक्षात ब्लॉकच्या भिंती ठासून भरलेल्या असतात आणि त्या तिला ताठर करतात, म्हणून संहिता त्यांच्यासाठी वेगळे सूत्र देते. पण सोसायटीसमोर येतो तो फक्त शेवटचा किलोचा आकडा. तो कोणत्या सूत्रातून आला हे विचारायचे असते, हेच सभेत कुणाला ठाऊक नसते.

यावरचा नेहमीचा प्रतिवाद असा, की सारे संहितेत बसते ना, मग वाद कसला? हा प्रतिवाद जोरदार आहे. संहिता जाणकारांनी बनवलेली असते आणि तिच्या चौकटीत राहणाऱ्याला बेजबाबदार म्हणणे अन्यायाचे आहे. तरीही चिलीचा अनुभव डोळ्यांआड करता येत नाही. चिलीत घरांच्या मधल्या भिंतीच काँक्रीटच्या करायची रीत. प्रत्येक दिशेला मजल्याच्या क्षेत्रफळाच्या दोन ते तीन टक्के भिंत असायची. मार्च १९८५ च्या मोठ्या भूकंपात व्हिन्या देल मार शहरातल्या अशा इमारती फारशा इजा न होता उभ्या राहिल्या. त्या यशावरून निष्कर्ष निघाला की भिंतीच्या टोकांना दाट रिंगा (उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळया) बांधण्याची गरज नाही, आणि १९९६ च्या चिली संहितेने ती अट वगळली. पुढे जमिनीचे भाव वाढले, इमारती उंच झाल्या. भिंतींचे प्रमाण साधारण तेवढेच राहिले, पण जाडी १५ ते २० सेंटिमीटरवर आली आणि वरचे मजले वाढल्याने त्याच भिंतीवरचा दाब वाढला. २७ फेब्रुवारी २०१० रोजी ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा बहुसंख्य इमारती टिकल्या, हे सांगायलाच हवे. पण अनेक नव्या इमारतींत तळाच्या बारीक भिंतींची टोके चिरडली. कव्हर उडाले, काटकोनात वाकवलेले हूक उघडले, उभ्या सळया बाहेर फुगल्या. कॉन्सेप्सिओनमधली आल्तो रिओ ही नवी १५ मजली इमारत मुळापासून उलथून पडली आणि आठ माणसे गेली. २०११ साली चिलीने नियम बदलले, भिंतीवरच्या दाबाला मर्यादा घातली, टोकांच्या रिंगा परत आणल्या. १९८५ च्या इमारती जाड, बुटक्या आणि हलक्या दाबाच्या होत्या म्हणून टिकल्या होत्या. त्या का टिकल्या हे नीट न तपासता ‘एवढे लागत नाही’ असा धडा घेतला गेला. ॲल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये १६० मिमीच्या भिंती ओतून तीस-तीस मजले चढवणाऱ्या मुंबई-पुण्याने हा इतिहास वाचायला नको का?

झोनचा मुद्दाही वारंवार येतो: आपण झोन तीनमध्ये, हिमालयात थोडेच आहोत? अहमदाबादही झोन तीनमध्येच आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचे केंद्र तिथून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर भुजजवळ होते, तरी अहमदाबादेत तळाला पार्किंग असलेल्या अनेक बहुमजली इमारती बसल्या. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींचा आधार आणि तळाला नुसते कॉलम, त्यामुळे सगळी हालचाल त्या एका मजल्यात एकवटली. आणि नकाशाबद्दल बोलायचे तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे उद्ध्वस्त झालेले किल्लारी तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होते. तिथली घरे दगड-मातीची, त्यांची तुलना टॉवरशी नको. पण झोनचा आकडा म्हणजे अभयपत्र नव्हे, हे महाराष्ट्राने १९६७ ला कोयनेत आणि १९९३ ला किल्लारीत दोनदा पाहिले आहे.

‘लोखंड जास्त तेवढी इमारत पक्की’ म्हणणाऱ्यांनाही हे ऐकवणे तितकेच गरजेचे आहे. साइटवर शंका आली की बीममध्ये दोन सळया जादा टाका, ही सूचना सद्‌हेतूने दिली जाते आणि ती घातक ठरू शकते. भूकंपात बीमची टोके आधी वाकावीत आणि कॉलम शाबूत राहावा, म्हणून सांध्यावर कॉलमची ताकद बीमच्या किमान १.४ पट हवी असे आयएस १३९२० ही संहिता सांगते. बीम जास्त मजबूत केला की तुटण्याची पाळी कॉलमवर येते, आणि कॉलम तुटला की अख्खा मजला बसतो. शिवाय वाकण्याची ताकद वाढवली तर त्या बीमवर कातरण्याचे बळही वाढते. ते पेलायला रिंगा तेवढ्याच राहतात आणि बीम हळूहळू वाकण्याऐवजी एकदम फुटतो. उलट जे लोखंड खरोखर जीव वाचवते ते वजनात फार कमी भरते. कॉलमच्या दोन्ही टोकांना १०० मिमीच्या आत बांधलेल्या रिंगा, १३५ अंशांत आत वळवलेले हूक, भिंतीच्या टोकांना दाट बांधणी. फिटरला हे काम कटकटीचे वाटते, किलोवर मजुरी असेल तर त्याला ते परवडतही नाही, आणि छाटणी सुरू झाली की पहिली कात्री रिंगांना लागते, कारण रिंगा विरळ केल्याने सॉफ्टवेअरमधला ताकदीचा आकडा फारसा हलत नाही.

पैशाचाही हिशेब करून टाकू. अर्धा किलो लोखंड वाचले आणि दर साठ रुपये किलो धरला, तर चौरस फुटाला तीस रुपये. दहा हजार रुपये चौरस फुटाने विकल्या जाणाऱ्या घरात हे एक हजारात तीन रुपये झाले. एक लाख फुटांच्या प्रकल्पात तीस लाख वाचतात, ही रक्कम बिल्डरला लहान नाही हे खरे. पण सुरुवातीलाच कॉलमची रांग सरळ ठेवून एखादा ट्रान्स्फर गर्डर (वरच्या कॉलमचा भार बाजूच्या कॉलमांवर नेणारा जाड बीम) टाळला तर बचत काँक्रीट, लोखंड, शटरिंग आणि दिवस या चारही खात्यांत होते.

सर्वांत प्रामाणिक आक्षेप वास्तुविशारदांचा आहे. एफएसआय (प्लॉटवर परवानगी असलेले बांधकाम) पूर्ण वापरायचा, खाली गाड्या लावायच्या, वर टू-बीएचके बसवायचे. अशात लांब भिंती आणायच्या कुठून? अडचण खरी आहे. तरीही गाडीची एक जागा साधारण अडीच बाय पाच मीटरची असते, आणि दोन गाड्यांच्या मधे, गाडीच्या लांबीला समांतर, चार मीटरची भिंत बसवली तर जातात ते पाऊण-एक फूट जाडीचे. वर तीच भिंत दोन फ्लॅटच्या मधली भिंत होते, तिला दारही लागत नाही. आडव्या दिशेचे काम अवघड, कारण तिथे गाड्यांचा जाण्या-येण्याचा रस्ता आडवा येतो. त्या दिशेची भिंत जिना-लिफ्टच्या दोन्ही अंगांना आणि प्लॉटच्या टोकाच्या रांगेत शोधावी लागते, आणि त्यासाठी नकाशा दोन-चार वेळा बदलावा लागतो. मोकळ्या तळमजल्याच्या इमारतीत शिअर वॉल दिल्या तर झोन तीन ते पाचमध्ये त्यांचे प्रमाण प्रत्येक दिशेला किमान दोन टक्के हवे, असे आयएस १८९३ म्हणते. म्हणजे ४०० चौरस मीटरला दर दिशेला आठ चौरस मीटर भिंत. ती खालपर्यंत यायला हवी. कॅलिफोर्नियातल्या एल सेंट्रो इथली सहा मजली इंपीरियल काउंटी सर्व्हिसेस बिल्डिंग १९७९ च्या भूकंपात निकामी झाली, ती याच कारणाने: टोकाची भिंत तळमजल्यावर आलीच नव्हती, तिच्याखालचे कॉलम चिरडले आणि पुढे इमारत पाडावी लागली.

तेव्हा सोसायट्यांनी टेंडरमध्ये किलोचा रकाना हवा तर ठेवावा, पण त्याच्या आधी हे रकाने असावेत: स्टिल्टच्या (पार्किंगच्या मोकळ्या तळमजल्याच्या) पातळीवर दोन्ही दिशांना भिंत किती टक्के, आंदोलनकाळ कोणत्या सूत्राने काढला, तळाच्या भिंतींवरचा दाब काँक्रीटच्या ताकदीच्या किती टक्के, तरंगते (पायापर्यंत न पोचता बीमवर उभे असलेले) कॉलम किती, आणि ते शून्य नसतील तर का. कन्सल्टंटची फी वाचवलेल्या लोखंडाशी बांधू नये. ती नकाशा मंजुरीला जाण्याआधीच्या कामासाठी जास्त आणि नंतरच्या छाटणीसाठी कमी असावी. दुसऱ्या स्वतंत्र इंजिनिअरकडून तपासणी व्हावी ती याच टप्प्यावर, पाइलिंग सुरू झाल्यावर नव्हे.

आणि महाराष्ट्रातल्या पुनर्विकासाची एक खास सवय इथे सर्वांत धोक्याची आहे. काम अर्ध्यावर असताना जादा टीडीआर किंवा फंजिबल एफएसआय (वाढीव बांधकामाचा हक्क) मिळतो आणि दोन-तीन मजले वाढतात. न्यूयॉर्कच्या ५९ मजली सिटीकॉर्प टॉवरमध्ये डिझाइनमधल्या वेल्डऐवजी खर्च वाचवायला बोल्टचे सांधे वापरले गेले; एकट्याने पाहिला तर हा बदल रास्त होता, पण तिरक्या वाऱ्याच्या हिशेबाशी ताडून पाहिल्यावर १९७८ साली रात्री-रात्री पोलादी पट्ट्या वेल्ड करून सांधे मजबूत करावे लागले. आपल्याकडचे वाढीव मजले याहून कितीतरी मोठा बदल आहेत. जुन्या पद्धतीच्या ढिसाळ, जड डिझाइनमध्ये ते कसेबसे सामावून जात. ९८ टक्क्यांवर आणलेल्या इमारतीत एका मजल्याचीही जागा उरलेली नसते. म्हणून ऑप्टिमाइझ केलेल्या इमारतीच्या करारातच लिहून घ्यावे: मजला वाढला तर पाया, तळाच्या भिंतींवरचा दाब, आंदोलनकाळ आणि पिळाची तपासणी नव्याने होईल, ती पूर्ण होईपर्यंत वरचा स्लॅब पडणार नाही, आणि तिचा निकाल सभासदांना लेखी मिळेल.